साहेबांची कवळी

आमचे हे कवळ्या करतात. सासऱ्यांचे वडील या शहरात आले, म्हणजे आमची लेक चौथ्या पिढीची. तरी आम्ही 'कालच आलेले'. आडनाव ऐकलं की लोक नाकं मुरडतात. दात मात्र आमच्या हातचे चालतात, बरं का!

ह्यांची एक पद्धत आहे. कवळी बसवली की गिऱ्हाइकाकडून त्याच्या रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य म्हणवून घ्यायचं. कुठे शिट्टी वाजली, की काढायची, घासायची, पुन्हा बसवायची.

निवडणुकीआधी पुढारीसाहेब दुकानात आले. संध्याकाळी सभा, आणि नव्या कवळीत जीभ अडखळत होती.

"रोजचं काहीतरी म्हणा," हे म्हणाले.

साहेबांनी भाषणच काढलं. "बाहेरच्यांनो, शहर सोडा!"

मी ह्यांचा डबा घेऊन मागेच उभी. तोच त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. आणि आमचे धर्मराज काय म्हणाले? "'श'ची शिट्टी होतेय, साहेब. पुन्हा म्हणा."

सहा वेळा म्हणवून घेतलं. सातव्यांदा असं खणखणीत आलं, की साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली. "तुमच्यासारखी माणसं हवीत शहराला!" घ्या!

"अहो, जरा सैल ठेवायची होतीत," ते गेल्यावर मी म्हटलं. "दुकान जाईल आपलं."

"काम ते काम," हे म्हणाले.

सभेत 'शहर सोडा' शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या माणसांनी दुकानाला कुलूप ठोकलं, जागामालकानं हात वर केले. वीस वर्षांचं दुकान हो! मी रडले, ह्यांना नाही नाही ते बोलले. हे स्वयंपाकघरात शेगडीशेजारी साचे मांडून बसले.

महिन्याभरानं दारात साहेब उभे, तोंडावर रुमाल. हिरडी सुजलेली. तीन ठिकाणी दाखवून आले होते, कुणालाच जमलं नव्हतं.

मी दार तोंडावर आपटणारच होते. ह्यांनी मला बाजूला केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. कवळी घासली, बसवली.

"म्हणा, साहेब. शहर सोडा."

साहेबांनी भिंतीला टेकवलेली दुकानाची पाटी पाहिली. "दुसरं काही म्हटलं तर?"

"कसं चालेल? त्याच वाक्यावर बसवलीय."

साहेब काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," हे म्हणाले. "पुन्हा म्हणा."