विहाराला न दिलेला झेंडू

गडमुडशिंगीत सरुबाईकडं काही मागायला जायचं, तर नकार ऐकायची तयारी ठेवूनच जावं लागे. बाई फटकळ. पण विहारासाठी मागितलेली फुलंही ती नाकारील, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिच्या अर्ध्या एकरात टोमॅटो होता आणि दर सोळा ओळींमागं एक ओळ झेंडूची. हे ती १९९८ साली एका शेती शिबिरात शिकली. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालायला जातो. मग रोज सकाळी अळीची फुलं तेवढी खुडायची आणि कोंबड्यांपुढं टाकायची. विषारी औषध मारायची पाळी क्वचितच येते.

शिबिराला ती हौसेनं गेली नव्हती. आदल्या वर्षी तिचा नवरा दादासो औषध मारता मारता सरीतच कोसळला होता. चार दिवस दवाखान्यात काढले, तेव्हा कुठं माणूस हाती लागला. पुन्हा पाठीवर पंप घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दादासोनं मान डोलावली खरी, पण गडी हट्टी. टोमॅटोला कीड लागली की तो पंप उचलणार, याची सरुबाईला मनापासून भीती वाटे.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू ऐन भरात आला. दसऱ्यादिवशीच विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिन. महिला मंडळाची प्रमुख बयाबाई, म्हणजे दादासोची थोरली बहीण, टोपल्या घेऊन बांधावर हजर झाली.

"सरू, समदी फुलं दे. बुद्धाच्या मूर्तीभवती आरास करायची हाय."

"एक बी देणार न्हाय, आक्का."

"आगं, विहाराला मागत्येय की."

"विहाराला बी न्हाय."

वस्तीभर बोभाटा झाला. सरूला बुद्धापेक्षा टोमॅटो मोठा झालाय म्हणे. सणाला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली, तर बायकांनी बसायला जागाही दिली नाही. तिला फार लागलं. तरी ती मागं उभी राहिली आणि सगळी वंदना सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाली.

चौथ्या दिवशी बयाबाई जाब विचारायला शेतात आली. सरुबाईनं एक फूल उकलून तिच्या तळहातावर ठेवलं. आत हिरवी अळी वळवळत होती.

"फुलं गेली असती, तर ही टोमॅटोत शिरली असती. आन तुमच्या भावानं पंप उचलला असता. तुमी आडवलं असतं त्यास्नी?"

दवाखान्यात भावाच्या उशाशी बयाबाईच बसली होती. 

"मग त्या दिशीच का न्हाय बोललीस?"

"ह्यांच्या कानावर गेलं असतं. आपल्यापायी विहाराची फुलं आडली म्हटल्यावर ह्यांनीच समदा झेंडू खुडून आणून दिला असता."

 बयाबाईनं पदर खोचला आणि पलीकडच्या ओळीतली अळीची फुलं खुडायला घेतली.

पुढं दरसाल दसरा जवळ आला की बयाबाई वस्तीत सांगत फिरे, "त्या सरूकडं जाऊ नगासा. लई खवाट बाई हाय." फुलं मागायला मग कुणी फिरकत नसे. टोमॅटो निरोगी राही. आणि आपल्या बायकोचं नि बहिणीचं इतकी वर्षं का जमत नाही, या काळजीनं धडधाकट दादासो दोघींची समजूत घालत बसे.