फुटपाथ तोच, फक्त वर सिमेंट

मंडळी, आज सकाळी आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत अतिक्रमणवाली गाडी आली.

आमच्या गेटसमोर फुटपाथवर गणेशभैया पोह्यांचा ठेला लावतो. गाडीतले साहेब त्याला म्हणाले, "हटाओ इसको, सरकारी जमीन है."

आमचे बाबा, बँकेतून रिटायर झालेले, गेटातून गरजले, "एकदम सही! कायदा म्हणजे कायदा!"

मग त्यांना आठवलं की त्यांची पोह्यांची प्लेट अजून यायचीय. आवाज लगेच उतरला. "भैया, ऐसा करो, ठेला हमारे रॅम्प पे चढ़ा लो."

भैयाने ठेला दोन हात मागे ढकलला. साहेब म्हणाले, "हाँ, प्रायव्हेट में कोई दिक्कत नहीं." गाडी पुढे गेली.

आता गंमत ऐका. तो रॅम्पही त्याच फुटपाथवर आहे! कार आत घेता यावी म्हणून बाबांनीच तिथे सिमेंट ओतून घेतलंय.

मी तसं म्हटलं, तर बाबा आलेल्या पोह्यांवरची शेव चावत म्हणाले, "अगं, पक्कं बांधकाम आहे ते. त्याला अतिक्रमण म्हणतात होय?"

भैया सगळं ऐकत होता. माझी प्लेट देताना हळूच मला म्हणाला, "दीदी, फिर थोड़ा सिमेंट मैं भी डलवा लूँ?"

सांगा मंडळी, काय उत्तर देऊ? बाबा तर पोहे संपवून आत पळालेत.