दोन रकान्यांची चिठ्ठी

आमच्या बाईंचा चेहरा त्यांच्या कामाला अजिबात शोभत नाही. आनुवंशिक तपासण्यांचे रिपोर्ट काय सांगतात ते पोरांना आणि त्यांच्या आईबापांना समजावणं हे त्यांचं काम, आणि मनातलं सगळं तोंडावर उमटणं ही त्यांची खोड. पत्त्यांत त्यांना मीसुद्धा हरवतो. म्हणून त्यांनी स्वतःपुरता नियम केलाय: रिपोर्ट आधी वाचायचाच नाही. लॅबचं पाकीट बंदच टेबलावर ठेवायचं आणि समोरच्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर दोन रकाने. 'आहे' आलं तर काय करणार? 'नाही' आलं तर काय करणार? बाई चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात, आणि मगच पाकीट फोडायचं की नाही ते ठरतं.

रकाने आखायचं काम माझं, कारण मी बाहेरच्या टेबलावरचा कारकून. गुप्तता राहावी म्हणून बाईंच्या आणि माझ्यामध्ये प्लायवुडचं पार्टिशन आहे. ते छताला टेकायच्या आत सुताराचा उत्साह संपला, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. मी ते कधी कुणाला सांगत नाही. आत्ता सांगतोय ते सोडा.

दोन्ही रकान्यांत एकच उत्तर आलं की बाईंचं डोकं फिरतं. "मग रिपोर्ट कशाला काढलात? रक्त काय उतू चाललंय?" असं त्या भल्याभल्यांना ऐकवतात.

एकदा ड्रायव्हिंग शिकवणारे एक गृहस्थ आले. बरोबर बायको आणि सोळा वर्षांची मुलगी. मुलगी चारशे मीटर पळायची, स्पर्धा महिन्याभरावर आलेली. गृहस्थांचा धाकटा भाऊ खेळता खेळता मैदानावर कोसळला होता. तो वाचला, पण हृदयाची भिंत जाड होण्याचा आनुवंशिक दोष त्याच्यात निघाला. तोच दोष पोरीत असेल, तर पळताना तिच्याही जिवावर बेतू शकतं. बाईंनी गृहस्थांना दोनदा बजावलं होतं, "आधी तुमचं रक्त द्या. तुमच्यात नसेल तर पोरीत येणार कुठून?" दोन्ही वेळा गृहस्थांनी "हो, हो" केलं आणि तिसऱ्या वेळी मुलीचाच हात पुढे केला. पोरीलाही स्पर्धेआधी कळायला हवं होतं, म्हणून बाईंनी तिचं रक्त पाठवलं.

पाकीट आलं त्या दिवशी पोरगी दोन दोन पायऱ्या गाळत वर आली. मागून गृहस्थ आले ते थेट माझ्याच खुर्चीत टेकले. धाप लागली होती. "फार उभा जिना आहे तुमचा," म्हणाले. जिना चांगला ऐसपैस आहे, माझी म्हातारी मावशीसुद्धा चढते.

पोरगी पाणी प्यायला गेली तसे ते माझ्या कानाशी लागले. "बाईंना सांगा, काहीही येवो, तिला गुडघा खराब आहे म्हणायचं. पळणं बंद."

"साहेब, रक्त तपासून गुडघा कसा काय खराब निघेल?"

"तुम्ही सांगा तर!"

जन्मभर शिकाऊ माणसाशेजारी बसायचं आणि पायाखाली आपला एक जादा ब्रेक ठेवायचा, अशी नोकरी. त्यांना वाटत असणार, सगळ्याच गाड्यांना ही सोय असते. पाणी प्यायची जागा पार्टिशनच्या मागेच आहे, हे सांगायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.

आत चिठ्ठ्या लिहून झाल्या. बाईंनी पहिली आईची वाचली. "'आहे' आलं तर रडेन. 'नाही' आलं तर रडेन, पण कमी." बाई हसल्या. "चालेल. फरक आहे."

मग बापाची. "'आहे' आलं तर पळणं बंद. 'नाही' आलं तर पळणं बंद."

मी कान टवकारले. आता भडका उडणार. पण बाईंच्या आधी पोरगीच बोलली.

"मग मला सुई कशाला टोचवलीत, बाबा?"

"अगं, काळजीपोटी..."

"काळजी घरबसल्याही करता आली असती."

तिची चिठ्ठी वाचताना बाई अडखळल्या. "'नाही' आलं तर स्पर्धेला जाणार. 'आहे' आलं तर..." त्यांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. "'आहे' आलं तर ते बाबांकडूनच आलं, म्हणजे बाबांनाही आहे. आधी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं. पळण्याचं नंतर बघू."

मी लाज गुंडाळून ठेवली आणि दारातून डोकावलो. गृहस्थांचा चेहरा उतरला होता.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"जिन्याने," पोरगी म्हणाली. "आणि गाडी धुता धुता मध्येच खाली बसता, चप्पल शोधतोय म्हणता. रोज कशी हरवते हो तुमची चप्पल?"

पोराटोरांच्या बोलण्याने गहिवरणारा मी नव्हे. पण त्या वेळी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"फोडा पाकीट," ती म्हणाली.

बाईंनी फोडलं, आणि कागद मोठ्याने वाचायच्या आत त्यांचा चेहरा उजळला. दोष नव्हता. आई ठरल्याप्रमाणे रडली, पण कमी नाही.

गृहस्थ उठले. "चला, सुटलो एकदाचे!"

"मी सुटले. तुमचं कुठे कळलंय? बसा." ती त्यांच्या बाहीचं बटण सोडवू लागली.

"अगं, आज नको. माणसं शिकायला येऊन थांबली असतील."

"गुडघा खराब आहे म्हणून कळवा त्यांना."

गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फायलीत तोंड खुपसलं. रक्त मात्र त्यांनी दिलं.

स्पर्धेत पोरगी चौथी आली. त्यानंतर आठवड्याभराने बापाचं पाकीट आलं. या खेपेला पोरीने रकाने घरूनच आखून आणले होते. माझ्या रेघा वाकड्या येतात म्हणे! गृहस्थांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग लिहिलं. बाईंनी वाचलं.

"'आहे' आलं तर रोज सकाळी हिच्याबरोबर मैदानावर जाणार. 'नाही' आलं तर रोज सकाळी हिच्याबरोबर मैदानावर जाणार."

दोन्हीकडे एकच उत्तर. मी वाट पाहिली, पण बाई भडकल्या नाहीत. चिठ्ठीची घडी घालून त्यांनी ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि पाकीट फोडलं.

गृहस्थ कागदाकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. या खेपेला तो उजळला नाही, आणि तिथे सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पोरीकडे वळले.

"उद्या किती वाजता निघायचं?"