बाहेरचं पुस्तक

त्या काळ्या पाटीचं नावसुद्धा काढू नका माझ्यापुढे!

आमचे हे, अंबादास, वाशिमकडून वाकोल्याला आले आणि टेलिफोन खात्यात केबली जोडून रिटायर झाले. पण वस्ती त्यांना ओळखते ती वाचणारे म्हणून. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि वाचायचं ते ह्यांनीच. यंदा डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. ग्रंथातली बारीक अक्षरं दिसेनात. "वाचणार नसेन तर मी आहे कोण गं, शकु?" म्हणाले.

मग पुतण्या केतन अक्कल पाजळत आला. पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं, तीच ही काळी पाटी. त्यात यंत्रवाल्या कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातली एक फुकटची गोष्ट उघडली आणि अक्षरं बोराएवढी करून दाखवली. एकदम झकास! ह्यांचा चेहरा उजळला. आपला ग्रंथ त्या दुकानात नव्हताच. केतनने पानापानाचे फोटो काढून यंत्रात भरले आणि उघडूनही न बघता काकांच्या हातात दिलं. दीडशहाणा मेला!

विहारात सगळे जमले. हे उघडतात तर अख्खं पान तळहाताएवढं. मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. ती ओढून आणावी तर पुढची हरवते. हे अडखळले, परत अडखळले. मागे बायका कुजबुजायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, पुस्तक बाहेरचं आहे ना," केतन हळूच म्हणाला. "दुकानातलं असतं तर झाली असती अक्षरं मोठी. बाहेरच्या पानांना ते नुसतं चित्र समजून वेगळंच ठेवतं."

ह्यांनी यंत्र खाली ठेवलं. "गावच्या हॉटेलात माझ्या बापाचा कप बाहेर वळचणीला असायचा," म्हणाले. "पैसे मात्र आत गल्ल्यात जायचे."

थू! एवढं महागाचं यंत्र, आणि अक्कल त्या हॉटेलवाल्याची!

सकाळी मी तो जुना ग्रंथ उचलला आणि नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने एकेक पान मोठ्या कागदावर काढून दिलं. संध्याकाळी हे ते कागद मांडीवर घेऊन खणखणीत वाचत होते. ग्रंथ कुठल्या दुकानातला, हे त्या झेरॉक्सवाल्याने विचारलंसुद्धा नव्हतं.