मावशीचा मज्जाव

"हात दाखय."

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात, लिव्हर बदललेल्या मुलांच्या वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून मावशी बसायची आणि आल्यागेल्याला एवढंच म्हणायची. कागदोपत्री ती आया. पण आत कुणी शिरायचं, हे तीच ठरवायची. मी लॅबमधला, जंतू ओळखणारा. तुम्ही म्हणाल, मला तरी सूट असेल. छे! माझे हात ती हुंगूनही बघायची. "तू त्येंच्यातच रवतंस," म्हणायची.

मोठ्या सर्जनसाहेबांच्या मनगटावर त्यांच्या आईने बांधलेला लाल दोरा होता. मावशीने तो कात्रीने कापला आणि ते काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "शनिवारी पिंपळाक बांधतंय. देवाक कळवलंय." कँटीनमागच्या त्या पिंपळावर आमच्या निम्म्या स्टाफचे दोरे लटकत होते.

एकदा एक ट्रस्टी फोटोग्राफर घेऊन सहा वर्षांच्या एका मुलीला टेडी द्यायला आले. मावशीने टेडी आधी निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात पाठवला. तो आकसून, एक डोळा वितळून परत आला. ट्रस्टींना तिने टोपी, मास्क, गाऊन यांत असं गुंडाळलं की फोटोत ते त्यांच्या बायकोलाही ओळखू आले नाहीत. मुलगी मात्र त्या एकडोळ्या टेडीला सोडेना.

मग त्याच मुलीच्या रक्तात असा जंतू निघाला, की एक औषध सोडलं तर कशालाच दाद देईना. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली. सगळी भिस्त त्या एका औषधावर. आम्ही वॉर्डातल्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना तपासला. तोच जंतू एकाच माणसाकडे सापडला. मावशीकडे.

रिपोर्ट मीच नेऊन दिला. "मावशी, असा जंतू कुणाच्याही नाकात असू शकतो. कुणाकडून कुणाकडे गेला, हे सांगता येत नाही." तिने ऐकून घेतलं, स्टूल उचललं आणि जिना उतरून थेट गेटबाहेर जाऊन बसली.

पाच दिवस नाकात मलम लावल्यावर तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. पुन्हा तपासला, तरी स्वच्छ.

"चला आता वर."

"मी जावचंय नाय."

"अहो, हा रिपोर्ट बघा ना!"

"तूच लिवलंस ना? तुझे हात माका म्हायत हत."

औषध लागू पडलं. तीन आठवड्यांनी मुलगी घरी जायला निघाली. गेटबाहेर रणरणत्या उन्हात मावशी टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे असा सगळा जामानिमा करून उभी होती. तिला बघताच मुलगी लटपटत का होईना, पळत सुटली.

"थंयच रव!" ओरडत मावशी मागे सरकली. मुलीला तो खेळच वाटला. ती पुढे येतेय, मावशी गाऊन सावरत रिक्षांच्या रांगेमागून मागे मागे जातेय. रिक्षावाले हसले. आम्हीही हसलो, याची मला आज लाज वाटते. शेवटी आईने मुलीला उचलून गाडीत बसवलं.

गाडी वळल्यावर मी मावशीजवळ गेलो. दुसऱ्याच दिवशी ती नोकरी सोडून गावी, कुडाळला निघून गेली, त्यामुळे आमचं हेच शेवटचं बोलणं. तिचा मास्क भिजून तोंडाला चिकटला होता.

"माका शिवली नाय ना रे?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

तेव्हा कुठे ती फुटपाथवर बसली आणि मोठ्याने रडली.