गोदाबाईंचा पहिला घास

केनवडहून सांगावा आला तेव्हा मी चुलीपुढं होते. "गोदाबाई गेल्या," एवढंच गडी म्हणाला. माझ्या थोरल्या जाऊबाई... भावाकडं चार दिवस म्हणून गेल्या आणि तिथंच तापानं गेल्या. माझा विश्वास बसेना. त्यांच्या कुठल्याच गोष्टीवर तो पटकन बसला नाही म्हणा!

लग्न होऊन रिठदच्या या घरात आले तेव्हापासून मला त्यांचा संशय. त्यांना मूल नव्हतं. मला दिवस गेले तशी शेजारणीनं कानात भरलं, "तिच्या हातचं जपून खाय." त्याच श्रावणात गोदाबाईंनी रानातून टेकोडे आणले, म्हणजे अळंबी. नेहमीचे नाजूक नव्हेत. देठ जाडजूड, वर तपकिरी टोपी, आणि उलटून पाहिलं तर खाली पडद्यांऐवजी चाळणीसारखी बारीक भोकं. बाईंनी एक विळीवर चिरला. "पाह्य, निळा पडते का?" गर पांढराच राहिला. दुसरा मात्र बघता बघता निळा पडला. तो त्यांनी उकिरड्यावर फेकला.

"म्हणजे हे बाकीचे चांगले?" मी विचारलं.

"कोनाले ठावं! निळा नाई पडला म्हनून चांगलाच, असं थोडंच हाये?"

"मग रांधता काहून?"

"तुले काईच गोड लागून नाई राह्यलं ना..."

हे ऐकून तर संशय आणखी वाढला. एवढी माया अचानक कुठून आली? भाजी झाली आणि बाईंनी भलतंच केलं. घरातले पुरुष जेवायचे होते, अन् ही बाई ताट वाढून चुलीपाशीच बसली! सासूबाई कडाडल्या, "लाज हाये का तुले?" बाई खाली मान घालून जेवत राहिल्या. उरलेली भाजी झाकली, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गरम करून माझ्यापुढं ठेवली. "मेली नाई मी. आता खाय."

मी खाल्ली, पण त्यांच्या तोंडाकडं बघत बघत.

पुढं दर पावसाळ्यात त्या अशाच आधी जेवायच्या. सारं गाव त्यांना अधाशी म्हणायचं. त्यांनी कधी कुणाला कारण सांगितलं नाही, आणि त्या मला कळायला फार वर्षं लागली.

परवा मुलानं तसेच जाड देठाचे टेकोडे आणले. त्याची बायको पोटुशी आहे. मी चिरून पाहिले, पांढरेच राहिले. भाजी झाली तशी सगळ्यांआधी माझं ताट वाढून घेतलं. सून दारातून टक लावून बघत होती. ती नजर मी ओळखते...

"तू उद्या दुपारी खाय," म्हटलं, आणि पहिला घास घेतला.