वरची पिशवी, खालची पिशवी

आमचा फर्निचरचा कारखाना अंबडला आणि घर सिडकोत. त्यामुळे कारखान्यातल्या बहुतेक गोष्टी मला नुसत्या ऐकून माहीत होत्या. भुसा मात्र हाताला माहीत होता. तो घरी यायचा.

कारखाना दोघा भावांचा, म्हणजे माझे मोठे दीर आणि माझा नवरा यांचा. स्वयंपाकघराची कपाटं, ऑफिसची टेबलं, शाळांचे बाक अशी कामं. घरात आम्ही दोघी जावा. मी सकाळी एका बालवाडीत शिकवायला जायचे, जाऊ घरीच असायची. तिला मी ताई म्हणायचे, दिरांना दादा. ती येवल्याची. माहेरी पैठणीचे हातमाग, लहानपण सगळं धाग्यांत गेलेलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मागाला हात लावला नव्हता, पण कपड्याच्या दुकानात गेली की अजूनही पदर दोन बोटांत धरून अंगठ्याने चोळून बघायची आणि दुकानदाराला सांगायची, "हे धुतल्यावर विरणार." आणि ते विरायचं.

विंचूरकडचा एक कारखाना बंद पडला, तिथून दिरांनी भुसा ओढणारं मशीन जुनंच उचलून आणलं. एक मोठा पंखा, त्याला हत्तीच्या सोंडेसारखा पाइप. पाइपाचं तोंड करवतीपाशी. लाकूड कापताना उडणारा भुसा पंखा ओढून घ्यायचा. जड भुसा खाली लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पडायचा आणि हवा वरच्या कापडी पिशवीतून गाळून बाहेर पडायची. ही वरची पिशवी माणसाएवढी उंच. मशीनसोबत आलेली पिशवी उंदरांनी कुरतडलेली होती. दुकानात नवीन मिळत होती, जाड, लोकरीच्या नमद्यासारख्या कापडाची. दिरांनी ती हातात घेऊन परत ठेवली, असं माझ्या नवऱ्याने सांगितलं. आणि ती कुरतडलेली पिशवी घरी आणून आमच्यापुढे टाकली.

"कापडच तर आहे," दीर म्हणाले. "घरात दोघी शिवणाऱ्या. असली शिवता येईल ना?"

ताईचा चेहरा त्या दिवशी मी पाहिलाय. इतक्या वर्षांत कारखान्याला तिची गरज पहिल्यांदाच पडली होती.

तिने ते काम एखाद्या पैठणीसारखं मनावर घेतलं. आम्ही मेन रोडला जाऊन कापडांचे चार-पाच तुकडे आणले. प्रत्येक तुकडा तिने उन्हात धरला, त्याला तोंड लावून फुंकर मारली. मग त्यात मूठभर मैदा बांधला आणि उलट्या तव्यावर ती पुरचुंडी आपटली. तव्यावर पांढरं किती पडतं ते बघायचं. मी हसले तर म्हणाली, "हसू नको. वारा पार गेला पाहिजे अन् पीठ नाय. असं कापड लय अवघड असतं सापडायला." शेवटी एक जाड, घट्ट विणीचं कापड तिने निवडलं. तीन दिवस बसून दुहेरी शिवण घालून पिशवी शिवली. दिरांनी ती मशीनला लावली. संध्याकाळी घरी येऊन ताटावर बसता बसता ते म्हणाले, "बरी झालीय." ताईने ते चार जणींना सांगितलं.

पिशवी खरंच चांगली होती. पण चांगल्या पिशवीला आतून धूळ चिकटते, आणि ती दर दोन-तीन दिवसांनी झटकावी लागते, नाहीतर मशीनचा दम कमी होतो. कारखान्यात ती कोणी झटकेना. एका बाजूला पॉलिशचं काम चालायचं, ओल्या पॉलिशवर धूळ बसली की माल खराब. म्हणून दिरांनी ठरवलं की पिशव्या घरी झटकायच्या. ताईकडून आणखी दोन शिवून घेतल्या. भरलेल्या पिशवीचं तोंड सुतळीने बांधायचं आणि स्कूटरवर पुढे ठेवून घरी आणायची. नेताना झटकलेली न्यायची.

वरचीबरोबर खालचीही येऊ लागली. प्लास्टिकची पिशवी एकदा भरली की टाकून द्यायची असते, असं मला वाटायचं. आमच्याकडे ती सात-सात, आठ-आठ वेळा वापरली जायची. आधी लाकडाचा भुसा असायचा तेव्हा एक भट्टीवाला तो घेऊन जायचा. नंतर सगळं काम एमडीएफचं झालं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांचं. त्याचा भुसा म्हणजे भुसा नव्हेच, पीठ. डिंकाचा वास येणारं, खाकी, बोटाला लागलं की निघता न निघणारं. भट्टीवाला म्हणाला, हे जळताना डोळे जातात, मला नको. मग आम्ही ते पीठ जुन्या पशुखाद्याच्या गोण्यांत ओतायचो आणि प्लास्टिकची पिशवी उलटी करून, पुसून, फाटलं असेल तिथे चिकटपट्टी लावून, घडी घालून परत पाठवायचो. ओतताना कितीही हळू ओतलं तरी ढग उठायचा.

सुरुवातीला हे गच्चीवर चालायचं. कठड्यावर पिशवी टाकून आम्ही दोघी काठीने झोडपायचो. पंधरा दिवसांत शेजारच्या बाईंनी वाळवणावर खाकी थर बसला म्हणून भांडण काढलं. त्यांचं चूक नव्हतं. दिरांनी मग सांगितलं, "जिन्याखालच्या खोलीत करा. दार लावून घ्या म्हणजे बाहेर उडणार नाही."

दार लावून घ्या. मी हे वाक्य नंतर कितीदा आठवलं असेल. कारखान्यात माणसांच्या नाकात जाऊ नये म्हणून मशीन आणलं होतं, आणि मशीनने गोळा केलेलं सगळं आम्ही खिडकी नसलेल्या खोलीत दार लावून मोकळं करत होतो. तोंडाला ओढणी बांधायची, एवढंच.

महिन्याभरात माझ्या हातावर पुरळ उठलं. मान, कोपरं सगळीकडे. बालवाडीतल्या एका आईने विचारलं, "मॅडम, हे लागट तर नाही ना?" मी घरी येऊन रडले. तेव्हा ताई म्हणाली, "तू सोड. तुला नाही सोसत ते. मी करत जाईन."

मी सोडलं. हे इथे सरळ लिहायला हवं. एकदाही मी असं म्हटलं नाही की ताई, तुम्हीपण सोडा. आपण दोघी मिळून सांगू की हे काम घरी नको. मला सुटल्याचं एवढं बरं वाटलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. दुपारी त्या बंद दारामागून काठीचे आवाज येत राहायचे आणि मी वर मुलीचा अभ्यास घेत बसायचे.

असं तीन वर्षं चाललं.

खोकला कधी सुरू झाला ते कोणालाच सांगता येणार नाही. आधी पहाटे, मग दिवसभर. घरात प्रत्येकाने त्याला आपापलं नाव दिलं. हवा बदलली, फोडणीचा ठसका, थंड पाणी प्यायली. दीर म्हणाले, लासलगावच्या लग्नात त्या कांद्याच्या धुळीत दोन दिवस होती, तिथून आलंय. मग ती जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागली. थांबून कठड्यावरची धूळ पदराने पुसायची, म्हणजे दम लागलाय म्हणून थांबली असं कोणाला वाटू नये. पिशव्या मात्र चालूच होत्या.

शेवटी दीर तिला छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि बायकांचं काही विचारलं तर बरं म्हणून मलाही सोबत नेलं. डॉक्टर वयाने लहान होते, पण नीट विचारत होते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का, चूल आहे का, कबुतरं आहेत का. मग त्यांनी ताईकडे बघून विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

ताईने तोंड उघडलं, तेवढ्यात खोकला आला. दीर म्हणाले, "काही नाही. घरीच असते."

डॉक्टरांनी कागदावर 'गृहिणी' लिहिलं. मी त्यांच्या टेबलापाशीच बसले होते. पेनचा आवाजसुद्धा ऐकू आला मला. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फायलीची नाडी बांधत होते.

दम्याची औषधं मिळाली, ओढायचा पंप मिळाला. थोडं बरं वाटलं की ती परत जिन्याखाली.

त्याच हिवाळ्यात एका मोठ्या हॉटेलच्या खोल्यांचं काम आलं. ते लोक काम देण्याआधी कारखाना बघायला येणार होते. धूळ किती, आवाज किती, कामगारांना काय काय दिलंय, सगळं बघणार. दिरांनी दोन दिवसांत सगळं आणलं. वरच्यासाठी त्या नमद्याच्या जाड पिशव्या, खालच्यासाठी नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठा, एकदा वापरून तोंड बांधून टाकून द्यायच्या, शिवाय कामगारांना नाकावर लावायचे जाड मास्क. हे मला माझ्या नवऱ्याने जेवताना कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे हे सगळं मिळत होतं?"

"मिळत होतंच की. दुकान तेच आहे."

ताई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि आत जाऊन पडली. त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या तपासणीला दिरांना हॉटेलवाल्यांकडे जायचं होतं म्हणून आम्ही दोघीच रिक्षाने गेलो. डॉक्टर म्हणाले, औषधाने जेवढा फरक पडायला हवा तेवढा पडत नाहीये. तेव्हा मी बोलले. पिशव्या, काठी, पीठ, बंद खोली, तीन वर्षं, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे मला पहिल्या दिवशी का सांगितलं नाही?"

त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, आतला, बारकाईचा. आठ दिवसांनी त्यांनी समजावून सांगितलं की फुफ्फुस आतून सुजून सुजून काही ठिकाणी वाळलेल्या कातड्यासारखं झालंय. धूळ बंद केली तर पुढचं थांबेल. जे गेलं ते परत येणार नाही.

घरी मी दिरांना तोंडावर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोलले असेन. ते आधी म्हणाले, "आम्ही काय मुद्दाम केलं का?" मग म्हणाले, "तू बाहेरच्या माणसापुढे घरची अब्रू काढलीस." माझा नवरा दोघांच्या मध्ये उभा राहून "जाऊ दे, जाऊ दे" करत राहिला. कोणाला जाऊ दे म्हणत होता, कोणास ठाऊक.

मला वाटलं होतं, निदान ताईला बरं वाटेल. मी तिच्या खोलीत गेले. ती उशीला टेकून बसली होती.

"आज बोललीस," ती म्हणाली. "त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

मी म्हटलं, "ताई, दादांसमोर..."

"मला खोकला होता. तुला काय होतं?"



उन्हाळ्यात ती येवल्याला भावाकडे गेली. हवापालट म्हणून गेली, ती आलीच नाही. पिशव्या आता कारखान्यातच बदलतात. हॉटेलचं काम संपल्यावर तो नवा गठ्ठाही संपला, आणि आता खालच्या पिशव्या रिकाम्या करायला एक बाई येते. मी एकदा मुद्दाम जाऊन तिला सांगितलं की हे पीठ वाईट आहे, मास्क लावत जा. ती म्हणाली, "लावते ना बाई, पण त्यात श्वास नाय येत." दिरांनी दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला विचारलं, ही कारखान्यात कशाला आली होती.

दिवाळीनंतर मी एसटीने येवल्याला गेले. भावाच्या घरात पुढच्या खोलीत दोन माग चालू होते. ताई दाराशी खुर्ची टाकून बसली होती, वाळलेली, ओठ किंचित निळे. भाचा विणत होता. ती बसल्या जागेवरून त्याला सांगत होती की तिथे धागा सैल आहे. वाक्य पुरं करायला तिला दोनदा थांबावं लागलं. मी आणलेली फळं तिच्या वहिनीकडे दिली. मग म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ते सांगायला एवढ्या लांब आलीस?"

मग तिने माझ्या मुलीच्या दहावीचं विचारलं, माझ्या हातावरचं पुरळ परत उठतं का ते विचारलं. मी नाही म्हटलं. वहिनीने चहा दिला. साडेचारच्या गाडीने मी निघाले, तेव्हा ती उठली नाही. उठायला तिला आता कोणाचा तरी हात लागतो.

घरी पोचले तर दीर टीव्हीपुढे बसलेले. आवाज कमी करून विचारलं, "कशी आहे?"

मी म्हटलं, "जाऊन बघा."

ते अजून गेलेले नाहीत.